क्वार्टर सुटल्यावर

शहरात कोण कुठे राहणार, हे पैशावर ठरते असे आपण धरून चालतो. भिलाईचा इतिहास पाहताना मला मात्र वाटते, की घरात माणसे कोण आणि किती, यावरही ते तितकेच ठरते.

2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग जिल्हा मागे राहिला. इथली जुनी मराठी घरे भोसल्यांच्या राजवटीपासूनची. कारखान्याने त्यांत विदर्भातून नोकरीसाठी आलेल्यांची भर घातली. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे याआधी मुंबईनेही बांधली होती. पण गिरणगाव एकट्या पुरुषाचे होते. बायको-मुले कोकणात किंवा घाटावर, आणि इथे खोलीत गाववाले, जेवायला खानावळ. 1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. भिलाईने उलट केले. सेक्टर आखले, त्यांत शाळा, बाजार, दवाखाना आणला आणि नोकरदाराला बायको-मुलांसह राहता येईल असे क्वार्टर दिले. कामगाराला संसार आहे, हे मान्य करणारी ही मोठीच गोष्ट होती.

पण क्वार्टर संसाराला नव्हे, नोकरीला मिळत होते. त्याचा आकार पगाराच्या श्रेणीवरून ठरे. गावाकडचे आईवडील, विधवा बहीण, लग्न झालेला धाकटा भाऊ यांचा हिशेब त्यात नव्हता. ठेकेदाराकडच्या मजुराला तर क्वार्टरच नव्हते. त्याचे घर कॅम्पमध्ये नाहीतर खुर्सीपारसारख्या वस्तीत. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवरच्या अभ्यासात ‘नौकरी’ आणि ‘काम’ यांतला फरक मांडला आहे. तो फरक पत्त्यातही दिसतो.

मग निवृत्ती येई. काही क्वार्टर पुढे दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली गेली, पण बहुतेकांना घर सोडावे लागले. ज्या अंगणात मुले वाढली, ते अंगण नोकरीबरोबर संपले. बोरसी वाढली ती अशा कुटुंबांमुळे. दुर्गच्या कडेचे हे गाव. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या पैशात इथे प्लॉट परवडे आणि जुना शेजारही फार लांब पडत नसे. टाउनशिपमध्ये न मावलेले कुटुंब इथे पहिल्यांदा एका छताखाली आले. आमच्या गल्लीतली घरे दुमजली आहेत, कारण बांधणाऱ्याने एक मजला थोरल्यासाठी आणि एक धाकट्यासाठी धरला होता.

मुले मात्र पुण्याला, हैदराबादला गेली. कारखान्यातली नोकऱ्यांची संख्याही घटत गेली. वरच्या मजल्यावर आज भाडेकरू आहे किंवा कुलूप. खाली दोघे म्हातारे, अनेकदा एकटी बाई. टाउनशिपमध्ये दवाखाना आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर होते. इथून सेक्टर 9 च्या रुग्णालयात जायचे तर कुणीतरी गाडी काढणारे लागते.

गिरणगावाने बायको-मुले विसरली, भिलाईने म्हातारपण. बोरसी ही त्या विसराची लोकांनी आपल्या पैशाने केलेली भरपाई आहे. नवी वसाहत आखणाऱ्यांनी निदान एवढे विचारावे: तीस वर्षांनी या घरात कोण उरेल, आणि रात्री-अपरात्री त्याच्या हाकेला कोण येईल?