निवटीच्या काट्याची कुळकथा

निवटी हा पाण्याबाहेर वावरणारा मासा. भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळीकडच्या खाडीला ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या सरपटताना, उड्या मारताना दिसतात. आगरी-कोळी बिळात हात घालून त्या पकडतात. निवटीचे कालवण खाताना ताटात बाजूला ठेवला जाणारा मधला काटा म्हणजे तिचा पाठीचा कणा; त्याचे मूळ ५० कोटी वर्षांहून मागे जाते.

चीनमधील चेंगजियांगच्या सुमारे ५१.८ कोटी वर्षे जुन्या खडकांत इंचभर लांबीच्या, माशासारख्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले. त्यांना जबडा नव्हता. शरीराला ताठपणा देत होती ती पृष्ठरज्जू नावाची लवचीक दांडी. पुढच्या वंशजांत या दांडीभोवती मणके पक्के झाले आणि तिच्या वरून जाणारा चेतारज्जू मणक्यांच्या कमानींत सुरक्षित राहिला. कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानींपैकी पुढच्या कमानीपासून जबडा घडला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

निवटीच्या शेजारच्या बिळात राहणाऱ्या खेकड्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. वाढायचे तर त्याला कवच टाकावे लागते, आणि नवे कवच कठीण होईपर्यंत तो असहाय असतो. निवटीची हाडे मात्र आतल्या आत वाढत राहतात. असे असूनही प्राण्यांच्या ज्ञात जातींत पृष्ठवंशी शंभरात जेमतेम पाच भरतात. बाकी सारे बिनकण्याचे.

निवटी ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, कल्ल्यांच्या कप्प्यांत पाणी साठवते आणि छातीकडच्या परांवर कुबड्यांसारखा भार देत पुढे सरकते. म्हणून तिला जमिनीवर आलेल्या पहिल्या माशाची प्रतिमा मानले जाते. तो समज सोडून द्यायला हवा. ४० कोटी वर्षांहून आधीच हाडांच्या माशांचे दोन वंश वेगळे झाले होते. निवटी, बोंबील, पापलेट हे किरणांच्या परांचे मासे. बेडूक, सरडा, कावळा, माणूस आले ते मांसल परांच्या दुसऱ्या वंशातून. त्या वंशातला ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात सापडला. त्याच्या परात दंडाचे एक हाड, पुढे दोन आणि मग मनगटासारखी लहान हाडे आहेत. निवटीच्या परात त्या जागी बारीक किरणांचा पंखा असतो.

फरक मानेतही आहे. टिक्टालिकची कवटी खांद्याच्या हाडांपासून सुटलेली होती, त्यामुळे त्याला डोके वळवता येई. निवटीची कवटी इतर हाडांच्या माशांप्रमाणे खांद्याला जोडलेलीच आहे. चिखलावर बाजूला पाहायचे, तर ती डोक्यावर उभारलेले डोळेच फिरवते.