काडतूस अडकणे (अर्धस्वयंचलित रायफल)

अर्धस्वयंचलित रायफलमध्ये मॅगझिनमधील काडतूस वेळेवर व पूर्णपणे चेंबरमध्ये न पोहोचणे, या बिघाडास काडतूस अडकणे असे म्हणतात. सैन्यात व पोलीस दलांत गोळीबार अचानक थांबण्यासाठी ‘स्टॉपेज’ हा शब्द रूढ आहे. मात्र ती अधिक व्यापक संज्ञा असून काडतूस न उडणे किंवा रिकामी पुंगळी बाहेर न पडणे यांचाही तीत समावेश होतो. एकच लक्षण मॅगझिन, गॅस, काडतूस किंवा मळ यांपैकी कोणत्याही कारणाने दिसू शकते. त्यामुळे बिघाड दूर करण्यात सुटे भाग बदलण्यापेक्षा योग्य निदानाला अधिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतात या प्रकारातील सर्वांत परिचित शस्त्र म्हणजे ७.६२ मिमी सेल्फ-लोडिंग रायफल १ए१, अर्थात एसएलआर. बेल्जियममधील दियुदोने सेव्ह यांनी रचलेल्या ‘एफएन फाल’ या रायफलवर ती आधारित आहे. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय पायदळाकडे प्रामुख्याने .३०३ बोअरच्या बोल्ट-अॅक्शन रायफली होत्या. त्यानंतर पश्चिम बंगालमधील इच्छापूर येथील रायफल कारखान्यात १ए१ चे उत्पादन सुरू झाले. १९९० च्या दशकापासून लष्करात तिची जागा ५.५६ मिमी इन्सास रायफलने घेतली. तथापि अनेक राज्यांच्या पोलीस दलांत एसएलआर पुढेही वापरात राहिली.

लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणी १९६४ मध्ये स्थापन झाली.

कार्यपद्धती

एसएलआरमध्ये गोळी नळीतून पुढे जात असताना दारूच्या वायूचा काही भाग नळीवरील छिद्रातून गॅस सिलिंडरमध्ये शिरतो व पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनच्या धक्क्याने बोल्ट कॅरियर मागे सरकतो, बोल्टची पकड सुटते, एक्सट्रॅक्टर रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढतो आणि इजेक्टर ती बाहेर फेकतो. त्यानंतर दस्त्यातील स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते. पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस चेंबरमध्ये लोटतो. पुढील गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो, म्हणून हे शस्त्र अर्धस्वयंचलित ठरते.

हे चक्र निमिषार्धात पूर्ण होते. बोल्टला पुरेसा मागे जाण्याइतका वेग मिळणे आणि तो पुढे येण्याआधी मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर भरण चुकते.

लक्षणे व निदान

रायफल थांबल्यावर नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून दूर घेऊन बोल्ट मागे धरला जातो आणि आत काय दिसते ते पाहिले जाते.

• चेंबर रिकामे, मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक: बोल्टने काडतूस उचललेच नाही. मॅगझिन नीट बसलेले नसणे, त्याची स्प्रिंग कमजोर असणे किंवा गॅस अपुरा असणे ही संभाव्य कारणे होत.
• काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरके अडकलेले: मॅगझिनच्या वरच्या कडा वाकलेल्या असणे किंवा मॅगझिन सैल बसणे.
• काडतूस बरेचसे आत, पण बोल्ट पूर्ण बंद नाही: चेंबरमधील मळ, काडतुसाचा बिघडलेला आकार किंवा थकलेली परतीची स्प्रिंग.
• चेंबरमध्ये रिकामी पुंगळी व तिच्यामागे नवे काडतूस: दोष भरणात नसून पुंगळी ओढण्यात आहे. खराब चेंबर, झिजलेला एक्सट्रॅक्टर किंवा अपुरा गॅस हे त्याचे मूळ असू शकते.

पहिल्या प्रकारात मॅगझिन व गॅस यांतील फरक ओळखण्यासाठी दोन खुणा उपयोगी पडतात. दुसरे मॅगझिन लावताच बिघाड थांबला, तर दोष पहिल्या मॅगझिनमध्ये असतो. प्रत्येक मॅगझिनसोबत बिघाड कायम राहिला आणि पुंगळ्याही रायफलच्या अगदी जवळ मंदपणे पडत असतील, तर गॅस कमी पडत असल्याची शक्यता अधिक. निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते. अन्यथा कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

प्रमुख कारणे

मॅगझिन: एसएलआरचे २० काडतुसांचे मॅगझिन आधी पुढच्या बाजूने अडकवून मग मागे ओढून बसवले जाते. खटका नीट लागला नाही तर मॅगझिन थोडे खाली राहते व बोल्ट काडतुसावरून निघून जातो. पत्र्याला पडलेला पोचाही काडतुसांची वर येण्याची गती मंदावतो. फाल कुळातील मेट्रिक व इंच मापांच्या रायफलींची मॅगझिन पूर्णपणे अदलाबदल करण्याजोगी नाहीत. इन्सासबाबतही मॅगझिन हा कच्चा दुवा ठरला होता. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिक मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या.

गॅस: फाल कुळातील रायफलींना गॅस रेग्युलेटर असतो. तो जितका उघडा, तितका जादा वायू बाहेर सोडला जातो. तो बंद करत नेल्यास पिस्टनला अधिक वायू मिळतो. रायफल सुरळीत चालू लागेपर्यंत वायू टप्प्याटप्प्याने वाढवून त्यावर थोडी वाढ राखीव ठेवण्याची पद्धत आहे. मळलेल्या रायफलचा वायू केवळ वाढवत राहिल्यास मूळ दोष झाकला जातो आणि सुट्या भागांवर अनावश्यक आघात होतात.

काडतूस: चेपलेली, गंजलेली किंवा हिरवट थर चढलेली काडतुसे चेंबरमध्ये अडतात. ती सहज सरकावीत म्हणून त्यांना तेल लावणे घातक असते. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही व बोल्टवरील ताण वाढतो.

मळ: दारूची काजळी, धूळ व घट्ट झालेले तेल बोल्टचा वेग कमी करतात. ब्रिटिश एल१ए१ रायफलच्या बोल्ट कॅरियरवर वाळू साचण्यासाठी खाचा ठेवल्या होत्या, त्या याच कारणासाठी.

किनारपट्टीवरील परिस्थिती

कोकण किनाऱ्यावर गंज हे वरील सर्व दोषांना पोसणारे कारण आहे. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे त्याचे उदाहरण होय. शहराच्या पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा, उत्तरेस वसईची खाडी आणि परिसरात मिठागरे असल्याने येथील हवा दमट व खारट असते. १ ऑक्टोबर २०२० रोजी स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असा किनारा व खाडीपट्टा येतो. २००८ मध्ये मुंबईवर समुद्रमार्गे झालेल्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील सशस्त्र बंदोबस्ताचे महत्त्व वाढले. महिनोन्महिने न झाडलेले शस्त्र ऐनवेळी एकाच खेपेत चालावे लागते, ही अशा बंदोबस्तातील खरी अडचण असते.

अशा हवेत चेंबर, गॅस सिलिंडर व मॅगझिनची स्प्रिंग आधी गंजतात. सरकणाऱ्या भागांना तेलाचा पातळ थर आवश्यक असतो. चेंबर, पिस्टन व गॅस सिलिंडर मात्र गोळीबारापूर्वी पुसून कोरडे केले जातात. पावसाळ्यात शस्त्रांची व काडतुसांची तपासणी अधिक वेळा करावी लागते.

सुरक्षितता व कायदा

चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर तो भरणदोष समजून बोल्ट लगेच उघडणे धोक्याचे असते, कारण दारू उशिराने पेटू शकते. त्यामुळे नळी सुरक्षित दिशेला ठेवून साधारणपणे ३० सेकंद थांबतात. अडकलेल्या काडतुसावर टोकदार वस्तूने ठोकणे किंवा बोल्ट जबरदस्तीने बंद करणे टाळले जाते. सुटे भाग बदलण्याचे काम प्रशिक्षित शस्त्र-कारागिराचे असते.

भारतात शस्त्र बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये होते. लष्करी ७.६२ मिमी काडतूस झाडणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरी परवान्याच्या कक्षेत येत नाहीत.