प्रोब-तहकुबी : लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरांत

उपकरण आणि त्याचा ड्रायव्हर यांची गाठ घालताना लिनक्स कर्नल ड्रायव्हरचे ‘प्रोब’ हे फंक्शन चालवतो. उपकरणाला लागणारे घड्याळ, वीजनियामक किंवा इंटरप्ट पुरवणारा दुसरा ड्रायव्हर तोवर उभा नसेल, तर प्रोबने −५१७ हा आकडा परत करायचा असतो. कर्नलमध्ये त्याचे नाव ‘ईप्रोब डिफर’, म्हणजे प्रोबची तहकुबी. असे उपकरण प्रतीक्षायादीत जाते, आणि दुसरे कोणतेही उपकरण यशस्वीपणे जोडले गेले की सगळी यादी पुन्हा तपासली जाते. कोण कोणासाठी थांबले आहे हे यंत्रणेला ठाऊक नसते. ग्रँट लाइकली यांनी लिहिलेली ही सोय २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत आली. त्याआधी एआरएम बोर्डांवर ड्रायव्हर सुरू होण्याचा क्रम हाताने जुळवावा लागे.

नेटवर्क ड्रायव्हरांत या सोयीचा वापर चुकतो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे तिथे जवळजवळ प्रत्येक उणिवेवर वेळ मारून नेण्याचा पर्याय हाताशी असतो. कंट्रोलरचा मॅक पत्ता बहुधा ईईप्रॉममध्ये असतो. ईईप्रॉमचा ड्रायव्हर अजून आला नसेल, तर पत्ता मागणाऱ्या फंक्शनकडून −५१७ मिळतो. ड्रायव्हरने त्याला ‘पत्ता नाही’ असे समजून यादृच्छिक पत्ता घेतला, की यंत्र चालते खरे, पण दर बूटला नव्या नावाने वावरते. मॅक पत्त्यावरून ठरावीक आयपी देणारा डीएचसीपी सर्व्हर त्याला ओळखत नाही. केबलवरचे संकेत हाताळणाऱ्या फाय चिपचेही तसेच. तिचा खास ड्रायव्हर रखडला असताना इंटरफेस चालू केला, तर कर्नल तिला सामान्य फाय ड्रायव्हर जोडतो. लिंक वर आलेली दिसते. चिपची खास जुळवणी मात्र झालेली नसते, आणि मग पॅकेट का गळतात याचा शोध भलत्याच ठिकाणी घेतला जातो. ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ यांतला फरक ड्रायव्हरने पुसून टाकला, की पुढे तो कोणालाच सापडत नाही. उलट चूकही होते : इंटरप्ट मागताना आलेला −५१७ बदलून ‘उपकरणच नाही’ असा कोड परत केला, तर पुन्हा प्रयत्न होतच नाही.

तहकुबी कुठे मागायची, यालाही मर्यादा आहे. इंटरफेस चालू करणाऱ्या फंक्शनमधून −५१७ परत केला तर कर्नल पुन्हा प्रयत्न करत नाही. वापरकर्त्याला फक्त ‘अननोन एरर ५१७’ दिसते. प्रोबमध्येही, बाल-उपकरणे नोंदवून झाल्यावर तहकुबी मागू नये, असे कर्नलचे दस्तऐवज बजावतात, मग ती उपकरणे मागाहून काढून टाकली तरीही. एमडीआयओ ही फाय चिपशी बोलण्याची बस नोंदवली की तिच्यावरची फाय जोडली जाते, त्या यशाने प्रतीक्षायादी जागी होते, आपलाच प्रोब पुन्हा चालतो, आणि हे चक्र थांबत नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या सर्व गोष्टी आधी मागाव्यात, नंतर एमडीआयओ बस नोंदवावी आणि नेटवर्क इंटरफेसची नोंदणी सर्वांत शेवटी करावी. फाय कंट्रोलरच्याच बसवर असते तेव्हा हा क्रमही पुरत नाही. बस नोंदवल्याशिवाय फाय दिसत नाही आणि नोंदवल्यावर थांबता येत नाही. ही गाठ ड्रायव्हरच्या पातळीवर सुटण्यासारखी नाही, हे मान्य करायला हवे.

‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’ आल्यावर ही काळजी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. २०२१ मधील ५.१३ आवृत्तीपासून ती सोय मुळातच चालू असते. डिव्हाइस ट्री, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरचे वर्णन, वाचून पुरवठादार तयार होईपर्यंत ती ग्राहकाचा प्रोब चालू देत नाही. पण ती स्वतः याच प्रतीक्षायादीवर उभी आहे, आणि दोन उपकरणे एकमेकांवर अवलंबून असली की तिला कुठेतरी सैल सोडावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हवा तो ड्रायव्हर कधी येणारच नसेल तर? २०२० मध्ये ५.७ च्या चाचणी आवृत्तीत अशा प्रतीक्षेची मुदत ३० सेकंद ठेवली गेली. एका यंत्राच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ऐच्छिक, कधीच न मिळणारे दुवे होते. त्याचे नेटवर्क ३० सेकंदांनी उभे राहिले, तोवर आयपी जुळवणी फसली होती आणि एनएफएसवरची मूळ फाइलप्रणाली जोडता आली नाही. मुदत पुन्हा शून्यावर आणावी लागली. यावरून वाट पाहण्याला मुदत हवी हे पटते, आणि नेटवर्कची वाट पाहणाऱ्या बाकी कोडलाही ती मुदत माहीत हवी हेही. मात्र किती थांबायचे हे कर्नलच्या गाभ्याने ठरवावे. प्रत्येक ड्रायव्हरने आपापला अंदाज बांधून पर्यायी वाट धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बूटच्या नोंदींत खोट्या तक्रारींची गर्दी होते, हा आक्षेप मात्र आता उरलेला नाही. ५.९ मध्ये आलेले ‘डेव्ह एरर प्रोब’ हे फंक्शन −५१७ असताना त्रुटी छापत नाही, फक्त तिचे कारण जपून ठेवते. इंटरफेस दिसत नसेल तर डीबगएफएसमधील ‘डिव्हायसेस डिफर्ड’ ही फाइल आधी वाचावी. रखडलेली उपकरणे आणि, ड्रायव्हरने सांगितले असेल तर, त्यांचे कारण तिथे मिळते.