सेन्सर खोटं बोलत नव्हता

मागच्या शनिवारी मित्राच्या गॅरेजमधे लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्याने जुन्या जिप्सीचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर आणि मेगास्क्वर्ट बसवलंय. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी गचके खायची. "तू सॉफ्टवेअरवाला ना, मग तूच बघ," म्हणाला. लॉग उघडला तर ऑक्सिजन सेन्सरची रेष नुसती थरथरत होती. मी स्मूदिंग वाढवलं. रेष एकदम इस्त्री केल्यासारखी! मी खूश. गाडी मात्र गचके खातच होती. :)

मग रविवार या सेन्सरचा इतिहास वाचण्यात गेला.

गोष्ट सुरू होते जर्मनीत, वाल्थर नेर्न्स्टपासून. दोन बाजूंच्या रसायनांची तीव्रता वेगळी असेल तर व्होल्टेज किती तयार होईल, याचं समीकरण त्याने १८८९ मधे मांडलं. झिर्कोनियाचं सिरॅमिक तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. एका बाजूला एक्झॉस्टचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा... झाला सेन्सर!

पण त्याची गरज पडायला अमेरिकेचा १९७० चा हवा प्रदूषणाचा कायदा यावा लागला. धुरातले तीन मुख्य विषारी घटक एकदम कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकाच अटीवर नीट चालतो: एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, वजनाने. कार्ब्युरेटरला इतकी अचूकता जमणं कठीण. म्हणून १९७६ मधे बॉशचा सेन्सर घेऊन व्होल्वोच्या गाड्या कॅलिफोर्नियात आल्या. नाव होतं लॅम्डा-सोंड. (शिशाच्या पेट्रोलने हा सेन्सर मरतो. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं.)

आता गंमत बघा. हा सेन्सर प्रमाण किती ते सांगतच नाही. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१, मधे जवळजवळ कडा. म्हणजे चक्क एक स्विच! म्हणून इंजिनिअर लोकांनी साधी युक्ती केली. 'जास्त' आलं की पेट्रोल हळूहळू कमी करायचं, 'कमी' आलं की हळूहळू वाढवायचं. सिग्नल सतत वर-खाली होणार, आणि व्हायलाच हवा. सरासरी १४.७ च्या आसपास राहते, मधला थोडा चढउतार कन्व्हर्टर पोटात घेतो. आपण ज्याला नॉइज म्हणतो, ती इथे कामाची पद्धत आहे.

त्यात उशीर आधीच असतो. सिलिंडरमधला धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यावर फिल्टर घातला की उशीर वाढतो, आणि चढउतार कमी होण्याऐवजी मोठा आणि संथ होतो!

१९९० च्या दशकात वाइडबँड सेन्सर आले, जे खरोखर आकडा देतात. आणि २००१ मधे ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट काढलं: स्वतः सोल्डर करायचा किट, ८-बिट मोटोरोला चिप, असेंब्लीतला कोड वाचायला मोकळा. आतापर्यंत कंपनीच्या डब्यात बंद असलेली गणितं शनिवार-रविवारवाल्यांच्या हातात आली. त्यातच पुढे आला लॅग फॅक्टर. १०० म्हणजे कच्चा सिग्नल. ३० म्हणजे जुन्या आकड्यात नव्या फरकाचे फक्त ३० टक्के मिळवायचे. अगदी एका ओळीचा कोड.

हिशोब करून पाहिला. समजा प्रमाण १३ आहे, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर दोन रीडिंगपुरतं १७ झालं. फॅक्टर ३० ठेवला तर पहिल्यांदा १४.२ दिसेल, मग १५.०४. म्हणजे लॉगमधे १७ कधी दिसणारच नाही! शिवाय ऑटोट्यून चालू असेल तर उशिरा आलेला आकडा भलत्याच आरपीएमच्या खान्यात लिहिला जातो. जिप्सीत गचक्यांवर भागलं. टर्बो असलेल्या इंजिनात, पूर्ण लोडवर पेट्रोल असं कमी पडलं तर पिस्टन वितळू शकतो.

आणि वायरिंगचा दोष? वाइडबँडचे ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० प्रमाण असं सेटिंग असेल, तर ग्राउंडमधल्या ०.१ व्होल्टच्या फरकाने आकडा कायमचा ०.२ ने चुकतो. कायमची चूक सरासरीने जात नाही. ती फक्त नीटनेटकी दिसते.

या शनिवारी परत गेलो. फॅक्टर १००. सेन्सरची ग्राउंड वायर थेट कंट्रोलरजवळ नेली. बरीचशी थरथर तिथेच गेली. उरलेल्या रेषेत, अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी एक टोकदार सुळका स्पष्ट दिसला. पेट्रोल कमी पडत होतं. कार्ब्युरेटरमधे हे काम छोटा अ‍ॅक्सिलरेटर पंप करायचा. इथे तेवढ्या क्षणापुरतं पेट्रोल वाढवायचं सेटिंग थोडं वर नेलं. गचके गेले.

सोमवारी ऑफिसात सर्व्हरच्या डॅशबोर्डवर पाच मिनिटांची सरासरी दाखवणारा ग्राफ पाहिला. छान सपाट होता. तो मीच तसा केलाय, वर्षभरापूर्वी. "सकाळी अ‍ॅप अडकतं" म्हणणाऱ्या क्लायंटला मी तोच ग्राफ पाठवत आलोय.

आज आधी कच्चा डेटा काढतो. असो, बाकी पुढच्या वीकेंडला.