गार इंजिनाचा पहिला आवाज

श्रोतेहो, पौषातली पहाट डोळ्यांपुढे आणा. गिरणेच्या काठचा गारठा कळवणच्या घराघरांत शिरलेला असतो. कोणाच्या दारात शेकोटी पेटलेली, कोणाच्या गोठ्यात धारा काढण्याची गडबड. अशा वेळी कांद्याच्या गोण्या भरलेली एखादी गाडी चालू होते. आधी थोडे कण्हणे, मग खडखड, मग धूर. आणि पाच मिनिटांनी तीच गाडी शहाण्या बैलासारखी मुकाट रस्त्याला लागते. ही पहिली खडखड काय सांगते आणि ती ओळखण्याची विद्या माणसाला कशी आली, ते आज पाहायचे आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. यंत्रालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या दारातच उभा असतो.

आवाजावरून आतले दुखणे ओळखायचे ही कल्पना मूळची वैद्यांची. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. तीच पुढे स्टेथोस्कोप झाली. आपला गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवतो आणि मुठीला कान लावतो, तेव्हा तो दुसरे काय करतो? छाती लोखंडाची, एवढाच फरक!

१८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले. ती गाडी चालू करायची तर मागचे जड चाक हातानेच फिरवावे लागे. पुढे हँडल आले. ते तोंडाशी अडकवून जोराने मारायचे. ज्यांनी विहिरीवरचे ऑइल इंजीन हँडल मारून चालू केले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हँडलात एक गुण होता. फिरवताना हाताला दाब जाणवे. दाब हलका लागला की झडपा नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या, हे आवाज होण्यापूर्वीच कळे. नाडीपरीक्षाच म्हणा ना! पण धोकाही होता. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा देत, “अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ आवळू नको.”

हे मनगट वाचवले अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. त्याने केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बसला. आपण त्याला ‘सेल्फ’ म्हणतो. सेल्फ आला आणि आवाजांची एक नवी बाराखडी सुरू झाली. किल्ली फिरवली आणि नुसते ‘टक टक टक’ झाले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या तारा सैल आहेत. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणजे बैल अशक्त झाला नेमका चढाच्या वेळी. सेल्फ नुसता गरगर फिरतो पण इंजीन फिरत नाही, तर त्याचे छोटे दातेरी चाक मोठ्या चाकाला लागत नाही. करकर वाजले, तर दाते झिजले आहेत.

डिझेलची तऱ्हा निराळी. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली पेटंट मिळवले आणि १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि तिच्यात सोडलेले तेल आपोआप पेट घेते. पण पहाटेच्या गारठ्यात इंजिनाचे लोखंडच त्या हवेतली ऊब खाऊन टाकते. तेल पेटायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात आणखी तेल आत येते, आणि मग सगळे एकदम भडकते. तीच आपली पहाटेची खडखड! इंजीन तापले की ती उतरते.

महाराष्ट्राच्या शेतात हे इंजीन रुजवण्यात किर्लोस्करांचा मोठा वाटा. १९४६ साली पुण्याला खडकी येथे त्यांची ऑइल इंजिनाची कंपनी निघाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे एस.टी. तालुक्यातालुक्याला पोचली, आणि तिच्याबरोबर इंजीन ऐकणारे कानही पोचले.

अशा एका कानाची गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझ्या मामांची डिझेलची जीप होती. नांदुरीहून सप्तशृंग गडावर ते माणसे नेत. एका पहाटे जीप चालू झाली आणि शेजारचे एक निवृत्त ड्रायव्हर अंगावरची घोंगडी सावरीत बाहेर आले.

“भाऊ, आज गाडी गडावर नको.”

मामा हसले. “काका, थंडीचा आवाज आहे तो. गरम झाली की राहील.”

“राहतो का ते बघू. दहा मिनिटं थांब.”

गाडीत आठ माणसे बसलेली, त्यांत एक लेकुरवाळी बाई. सगळे खोळंबले. दहा मिनिटे झाली. वरची टिकटिक थांबली, पट्ट्याची किंकाळी थांबली. पण खालून येणारा ‘ठक्, ठक्’ राहिला, उलट अधिक घुमू लागला. मामांनी किल्ली काढली. दिवसाची कमाई बुडाली म्हणून मामी दिवसभर धुसफुसत होती. दुपारी मिस्त्रीने तळचे ऑइल काढले, तर त्यात सोनेरी कण चमकत होते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजून त्याचाच चुरा झालेला! भरली जीप घाटात असताना इंजीन जाम झाले असते तर काय झाले असते, हे मामांनी पुढे कधी बोलून दाखवले नाही. पण त्या दिवसापासून रोज पहाटे ते किल्ली फिरवून गाडीबाहेर उभे राहत आणि ऐकत.

काकांचा नियम साधा होता: ‘उबेबरोबर जातो तो गारठ्याचा आवाज, उबेनंतर राहतो तो दुखण्याचा.’ यामागे शास्त्र आहे. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली उतरते. ते वर चढेपर्यंत टॅपेट टिकटिकतात. गार पिस्टन थोडा आकसलेला असतो, म्हणून नळकांड्यात खुळखुळतो; तापून फुगला की गप्प होतो. बेअरिंगची झीज मात्र उबेने भरून येत नाही. याला एक अपवादही ध्यानात ठेवा. धुराच्या नळीच्या सांध्यातली बारीक गळती गार असताना फटफटते आणि लोखंड फुगले की मिटते. आवाज गेला तरी दोष राहतोच. आणि टिकटिक चालू असताना रेस देऊ नये. आत तेल पोचलेले नसते. घाईची ती दोन मिनिटे मैलोगणती झीज करतात.

आता काळ बदलला. एकाच ऑइलला थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहता येऊ लागले. डब्यावरच्या आकड्यापुढचे ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचेच. गाडीत संगणक बसले, दिवे लागून दोष सांगू लागले. पण ऑइलचा दिवा लागतो तो दाब फार उतरल्यावर; झिजू लागलेल्या बेअरिंगचा ठोका त्याच्या आधीपासून ऐकू येत असतो. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ बस निघाली. तिला तापायचे इंजीनच नाही. उद्या कदाचित पहाटेची ही खडखड ऐकूही येणार नाही.

तोवर शिक्षकबंधूंना एक विनंती. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे फळ्यावर लिहिण्यापूर्वी एखाद्या थंड सकाळी मुलांना गाडीपाशी उभे करा. डोळे मिटायला सांगा, आणि कोणता आवाज आधी थांबला ते विचारा. आमच्या काकांना प्रसरण हा शब्द ठाऊक नव्हता. पण थांबून ऐकणे ठाऊक होते, आणि त्या पहाटे आठ माणसे संध्याकाळी आपापल्या घरी पोचली ती त्यामुळेच.