बासनात गुंडाळलेलं पुस्तक

गेल्या जुलैत अमरावतीच्या एका वाचकाने मला फोनवर फोटो पाठवला. फोटोत 'ययाति'ची जुनी प्रत होती, खालचा उजवा कोपरा पार चेंबलेला आणि शेवटची वीसेक पानं ओली. प्रत आमच्या अण्णांची. मीच पाठवली होती, एका कुरियरने, बाजारातल्या सगळ्यात स्वस्त पाकिटात घालून. तो माणूस भांडला नाही. नुसतं "पुस्तक मिळाले, पण असे मिळाले" एवढंच लिहिलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

थोडं मागे जातो. अण्णांनी कोल्हापुरातलं शाहूपुरीचं घर सोडून पुण्याला आमच्याकडे यायचं ठरवलं. पुस्तकं हजाराच्या वर, आणि आमचा फ्लॅट तुम्ही समजा केवढा असेल ते. रद्दीत एकही जाणार नाही ही अण्णांची अट. ग्रंथालयांना त्यातली निम्मी नको होती. मग यादी करून एकेक पुस्तक मागेल त्याला विकायचं असं ठरलं. किंमत अण्णा लावणार (साठ-सत्तर रुपये, फार तर दीडशे) आणि शनिवार-रविवारी कोल्हापूरला येऊन पॅकिंग मी करणार. सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं त्यात काय, लॉजिस्टिक्सचा प्रश्न! पण गणित बसेना. साठ रुपयांच्या पुस्तकाला बुडबुड्यांचं पाकीट वीस-बावीस रुपये आणि वर पाठवणी. समोरचा म्हणतो, मग नवंच घेतो की.

अमरावतीचा फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अरे, फळ्या नाही लावल्यास?"

मला कळेना कसल्या फळ्या. ते उठून देवघरातून आजोबांची पोथी घेऊन आले. वर लाल फडकं, आत दोरी, दोरीच्या आत दोन लाकडी फळ्या, आणि त्या फळ्यांच्या मध्ये सुटी पानं. फळ्या पानांपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठ्या. शंभर-सव्वाशे वर्षांची पोथी असावी, आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला नाही.

त्या फडक्याला बासन म्हणतात. "योजना बासनात गुंडाळली" हे आपण पेपरात रोज वाचतो, पण बासन म्हणजे मुळात पोथी बांधायचं कापड, हे माझ्या तरी डोक्यात कधी आलं नव्हतं. पेशव्यांच्या दफ्तरातले कागदही असेच कापडात बांधलेले, आणि तिथे गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणतात. अजूनही अभ्यासक अमुक नंबरचा रुमाल मागतात.

मग नेहमीप्रमाणे हातातलं काम बाजूला ठेवून मी इतिहासात शिरलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की छापील पुस्तक आलं तेव्हा त्या फळ्या कुठे गेल्या नाहीत, त्या पुस्तकालाच चिकटल्या. पुठ्ठाबांधणीचं कुठलंही जुनं पुस्तक हातात घेऊन बघा. पुठ्ठा पानांच्या थोडा बाहेर असतो. पडलं तर मार पुठ्ठा खातो, पान नाही. नंतर पुस्तकं स्वस्त करण्यासाठी साधी बांधणी आली, आणि कव्हर पानांच्या बरोबरीने कापलं जाऊ लागलं. म्हणजे फळी गेली, कोपरा उघडा पडला. अशा पुस्तकाचं पॅकिंग म्हणजे काय, तर त्याची गेलेली फळी प्रवासापुरती परत देणं. हे मला बाजारातलं कुठलंच पाकीट सांगत नव्हतं!

दुसरी गोष्ट टपालाची. १८५४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात टपालाचे एकसारखे दर आले, आणि अंतर कितीही असो, पत्राचे पैसे वजनावर ठरू लागले. जड सामान 'बंगी' टपालाने जाई, म्हणजे माणसाच्या खांद्यावरच्या कावडीतून. पण मराठी पुस्तकाच्या दृष्टीने मोठं वर्ष मला विचाराल तर १८७७. त्या साली व्ही. पी. सुरू झाली. पुस्तक आधी पाठवायचं, पोस्टमनने दारात पैसे घ्यायचे आणि पोस्टाने ते विकणाऱ्याला पोचवायचे. पुस्तकाचं दुकान नसलेल्या गावातला मास्तरसुद्धा एका कार्डावर पुस्तक मागवू लागला. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर जाहिराती असतात बघा, "किंमत १। रुपया, ट. ख. निराळा". त्या 'ट. ख.'मध्ये टपालखर्चाचा अख्खा धंदा आहे.

व्ही. पी.त एक मेख होती. गिऱ्हाइकाने "नको" म्हटलं की पुस्तक आल्या पावली परत! म्हणजे वेष्टण एका नाही, दोन प्रवासांना पुरायला हवं, आणि परत आलेलं पुस्तक पुन्हा विकता यायला हवं. आज ऑनलाइनवाले कॅश ऑन डिलिव्हरीच्या नावाने रडतात ते रडणं दीडशे वर्षांचं आहे.

आणि प्रवास कसला! कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, मिरजेपर्यंत. पण पुणे-मिरज-कोल्हापूर ही सगळी लाइन १९७०च्या आसपासपर्यंत मीटरगेज. मुंबईहून निघालेलं टपाल पुण्याला ब्रॉडगेजच्या गाडीतून उतरायचं आणि छोट्या गाडीत चढायचं. टपालाची थैली उतरते म्हणजे कशी उतरते हे फलाटावर उभं राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

त्यातून 'बुक पोस्ट'चा नियम असा, की पुडकं दोन्ही टोकांना उघडं हवं. आत छापील मजकूरच आहे, चिठ्ठी नाही, हे पोस्टाला तपासता यायला हवं ना. लग्नपत्रिकेच्या पाकिटाची जीभ न चिकटवता नुसती आत खोचायची, कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं, ही कामं लहानपणी आम्ही सगळ्यांनी केलीत. पत्रिकेला ते चालतं. पुस्तकाचे मात्र नेमके कोपरे बाहेर! अण्णा सांगतात, जाणते विक्रेते वरखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालत, मग जाड कागद, मग सुतळी उभी-आडवी. पुन्हा फळ्याच की!

दूरच्या पार्सलला कापड लागे. मांजरपाटात गुंडाळायचं, दाभणाने शिवायचं आणि शिवणीवर लाखेचे ठसे. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सलं शिवून देणारे बसत. कापडाला आम्हा कोल्हापूरकरांना कधीच तोटा नव्हता. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला, तिथपासून पाऊण तासावर कापडाचं आगरच आहे.

आता आपल्या ओळखीचा पन्हळी पुठ्ठा. हा मुळात सामानासाठी निघालाच नाही. १८५६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचांभोवती गुंडाळला आणि मग खोक्यांचं राज्य आलं. बुडबुड्यांचं प्लास्टिक त्याहून गमतीचं. १९५७ मध्ये दोघे जण भिंतीला लावायचा नक्षीदार कागद करायला गेले. तो कुणी घेतला नाही, आणि पुढे आयबीएमने आपले १४०१ जातीचे संगणक गुंडाळायला तेच प्लास्टिक वापरलं. म्हणजे माझ्या साठ रुपयांच्या पुस्तकाला मी मेनफ्रेमचं वेष्टण चढवत होतो. महाग पडेल नाहीतर काय!

मधल्या काळात टपालातही बदल झाले. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा एकाएकी बंद केली, आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वाढत वाढत ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं, सावकाश जातं, पण कुठे पोचलं ते कळतं. मला त्यातला आकडा दिसला तो ३००. दोनशे पानांचं साधं पुस्तक अडीचशे ग्रॅम भरतं. म्हणजे वेष्टणाला उरले पन्नास.

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीत गेलो. नवा पुठ्ठा मागितला तर दुकानदार हसला. "साहेब, नवा कशाला? खोकी न्या की, रिकामीच हायत. फकस्त साबणाची घेऊ नका, वास लागतोय." बिस्किटांची खोकी दहा रुपयांना एक. एका खोक्यात सात-आठ पुस्तकांच्या फळ्या निघतात. पुठ्ठा पुस्तकाहून चारी बाजूंनी बोटभर मोठा कापायचा. एका फळीच्या नळ्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, म्हणजे पुडकं कुठल्याच बाजूने वाकत नाही. दोन्हींचं वजन तीसेक ग्रॅम. वर खाकी कागद.

राहिलं पाणी. २०१९च्या महापुरात आमच्या खालच्या फळीवरची पुस्तकं गेली होती, त्यामुळे या बाबतीत अण्णा ऐकून घेत नाहीत. मी आधी दुधाच्या पिशव्या धुऊन वापरून पाहिल्या. तीनदा धुतल्या तरी पुस्तकाला खव्याचा वास. शेवटी आईच्या साड्यांची पारदर्शक कव्हरं कामी आली. घडी घालून डेमी आकाराचं पुस्तक आत बरोबर बसतं. (आईला अजून सगळी सांगितलेली नाहीत.)

तयार पुडकं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कोपऱ्यावर पडेल असं तीनदा टाकलं, मग वर तांब्याभर पाणी ओतलं. शेजारचे काका बघत होते, काही बोलले नाहीत. उघडलं तेव्हा पुठ्ठ्याचा कोपरा चेपलेला होता, कागद भिजलेला. आतलं पुस्तक कोरडं, कोपरा शाबूत. वजन २९६ ग्रॅम. खर्च पाच रुपयांच्या आत, माझा वेळ सोडून.

अमरावतीला 'ययाति'ची दुसरी प्रत पाठवली, ती आमच्या मामाकडून मागून आणली. ती जाड, ३००च्या बरीच वर गेली, पण पोचली. या वेळचा फोटो पुस्तकाचा नव्हता, पुठ्ठ्याचा होता. "हे दोन तुकडे ठेवून घेतो, माझ्याही उपयोगी पडतील."

अजून साडेसहाशे पुस्तकं शिल्लक आहेत. केतकरांच्या ज्ञानकोशाचे जाडजूड खंड कसे बांधायचे हे ठरवायचंय. अण्णा म्हणतात ते विकायचेच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न सध्या बासनात आहे.