घरपट्टीची पावती आणि घराची वैधता

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. तेव्हापासून येथील घरपट्टीची आकारणी महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार होते.

करयोग्य मूल्य ठरविताना घराला वर्षभरात मिळू शकणारे वाजवी भाडे विचारात घेतले जाते व त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजावट दिली जाते. आकारणी मान्य नसल्यास मुदतीत लेखी हरकत घेता येते. त्यानंतर कलम ४०६ अन्वये न्यायालयात अपील करता येते. मात्र त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते.

अनधिकृत बांधकामावर २००८ साली आलेल्या कलम २६७-अ अन्वये कराच्या दुपटीइतकी शास्ती बसते. लहान निवासी घरांना शासनाने पुढे तीत सवलत दिली. तथापि कर किंवा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे हेच कलम स्पष्ट करते.

नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी परिसरात आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या कारवाईत शेकडो कुटुंबे बेघर झाली. म्हणून घर घेताना घरपट्टीच्या पावतीवर विसंबू नये. बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेकडून पडताळून घ्यावे.